मागचा एक्सल नेमका कोणत्या गाडीचा?

प्रश्न : काका, नमस्कार. मी प्रतापनगरात राहतो. माझ्या मोठ्या मामांची 1991 सालची कॉन्टेसा क्लासिक, 1.8 पेट्रोल, मामा गेल्यावर माझ्याकडे आली. इंजिनाचं काम करून घेतलं, आता एका चावीत सुरू होतं. पण गाडी पळत नाही, नुसती ओरडते. काट्यावर 80 दिसतात तेव्हा मोबाइलवर 68-69 दाखवतं. ॲक्सिलरेटर दाबला की मागून 'हूंऽऽ' असा आवाज येतो, पाय उचलला की थांबतो. 65 च्या आसपास सीटखाली थरथर होते. एक मेकॅनिक म्हणतो एक्सल ॲम्बेसेडरचा आहे, दुसरा म्हणतो डिझेल कॉन्टेसाचा. मला गाडी समृद्धीवर न्यायची आहे. व्हिडिओत फोर्डचा 9 इंची एक्सल टाकतात, तसा मजबूत एक्सल किंवा लॉकवाला डिफरन्स आपल्याकडे बसेल काय? मामांची गाडी आहे, पैशाचा विचार नाही.

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचल्यावर मी लगेच उत्तर लिहायला बसलो नाही. तुम्हाला फोन केला, दोन गोष्टी मोजायला आणि एक बघायला सांगितली. तुम्ही रविवारी सकाळी खाली घुसून ते सगळं केलंत आणि आकडे पाठवलेत. म्हणून आज मला नीट बोलता येतंय.

आधी तुमच्या पत्रातली ती एक ओळ, काट्यावर 80 आणि मोबाइलवर साडेअडुसष्ट. या गाडीत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून निघते. म्हणजे काटा चाकं मोजत नाही, तो प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचे, फेरे मोजतो. 80 ला 68.5 नं भागा, 1.17 येतात. काटा थोडा जास्त दाखवतोच, टायर झिजला की आणखी थोडा, पण सतरा टक्के कधीच नाही. याचा अर्थ, ज्या एक्सलच्या हिशेबानं तो काटा लावला होता, त्यापेक्षा आताचा एक्सल दर किलोमीटरला शाफ्ट सतरा टक्के जास्त फिरवायला लावतोय. कुणीतरी मधे एक्सल बदललाय. मामांनी हौसेनं बदलला नसणार. जुना वाजायला लागला असेल, आणि कबाडीत जो मिळाला तो बसवून दिला असेल.

मग तुम्ही खडूनं खूण करून फेरे मोजलेत. ही रीत बाकीच्या वाचकांसाठी लिहितो, कारण यात एक गफलत नेहमी होते. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावायचे, गाडी न्यूट्रलला. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, तो सोडलेला हवा, म्हणून ठोकळे नसतील तर हात लावायचा नाही. मागचं एकच चाक उचलायचं आणि एक्सलखाली घोडी ठेवायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, माझ्या ओळखीतला एक चांगला फिटर तसा गेला आणि मनगट गमावून बसला. आता उचललेलं चाक बरोबर 20 वेळा फिरवा आणि शाफ्टवरची खूण किती वेळा वर येते ते मोजा. दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असल्यामुळे आतला क्राउन, म्हणजे चाकांना फिरवणारा मोठा गिअर, चाकाच्या निम्मेच फेरे घेतो, म्हणजे 20 ला 10. इथंच लोक चुकतात, निम्मं करायचं विसरतात आणि मग सांगतात की माझा रेशो, म्हणजे क्राउनच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे तो आकडा, दोन पॉइंट काहीतरी आहे.

तुमची मोजणी साडेपंचेचाळीस आली. दहानं भागा, 4.55. हा 9 आणि 41 दातांचा जोड, शाफ्टच्या टोकाच्या छोट्या गिअरला, म्हणजे पिनियनला, 9 आणि क्राउनला 41, कारण 41 ला 9 नं भागलं की 4.556 येतात. ब्रिटिश बीएमसी कंपनीच्या जुन्या गाड्यांत हा जोड चालायचा, मॉरिस मायनर 1000 मध्येही हाच होता. आता या 4.55 ला मघाच्या 1.17 नं भागून बघा. 3.9 च्या अगदी जवळ येतं, 10 आणि 39 दातांचा किंवा 11 आणि 43 दातांचा जोड. तुमच्या गाडीचा काटा त्या घरातला आहे. दोन वेगळ्या वाटांनी गेलो आणि एकाच दारात पोचलो, म्हणून या आकड्यांवर माझा विश्वास बसला.

आणि तिसरी गोष्ट, जी बघायला सांगितली होती. तुम्ही एक्सलच्या नळीचा फोटो पाठवलात. दोन्ही बाजूंना नळीवर तळहाताएवढी चपटी पट्टी, मधे भोक, कडा ग्राइंडरनं खाल्लेल्या, वर काळा रंग. भाऊ, ती पाट्यांची, म्हणजे एकावर एक रचलेल्या पट्ट्यांच्या स्प्रिंगची, बैठक आहे. मधल्या भोकात पाट्यांच्या सेंटर बोल्टचं डोकं बसतं. कॉन्टेसा ही व्हॉक्सहॉल व्हिक्टरच्या शेवटच्या घडणीवरून घेतलेली गाडी, तिला मागं कॉइल स्प्रिंग आहेत. पाटे तिला कधी नव्हतेच, पेट्रोलला नाही आणि डिझेललाही नाही. म्हणजे हा एक्सल पाट्यांच्या गाडीचा. ॲम्बेसेडरला मागं पाटे असतात, म्हणजे ॲम्बेसेडर म्हणणारा मेकॅनिक बरोबर बोलला, डिझेल कॉन्टेसावाला चुकला. दोघांनीही खाली वाकून ती पट्टी पाहिली असती तर तुम्हाला मला पत्र लिहावं लागलं नसतं.

आता हे फक्त गाडी न पळण्यापुरतं नाही. पाट्यांचा एक्सल कॉइलच्या गाडीत बसवायचा म्हणजे एक्सलला बॉडीशी जोडणाऱ्या लिंकचे ब्रॅकेट वेल्डिंग करून लावावे लागतात. तुमच्या फोटोतल्या वेल्डिंगची रेघ मण्यांसारखी फुगलेली आहे, आत शिरलेली नाही. शिवाय तुम्ही लिहिलंय की डाव्या चाकापासून मडगार्डपर्यंत आणि उजव्या चाकापासून मडगार्डपर्यंत 22 मिलिमीटरचा फरक आहे. या गाडीत एक्सलला आडवा धरून ठेवतो तो पॅनहार्ड रॉड, एक टोक बॉडीला, एक एक्सलला. त्याचा ब्रॅकेट चुकीच्या जागी लागला की पूर्ण एक्सल एका अंगाला सरकून बसतो. आणि 65 ची थरथर? ब्रॅकेट लावताना पिनियनचं नाक वर किंवा खाली राहिलं असणार. गिअरबॉक्समधून निघणारा शाफ्ट आणि पिनियनचा शाफ्ट एकमेकांना समांतर हवेत, मगच प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस, म्हणजे वाकून फिरणारे सांधे, एकमेकांचा झटका खाऊन टाकतात. एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक चालतो, पाच-सहा अंशांचा चालत नाही. मोबाइलमधलं अंश मोजायचं ॲप पिनियनच्या फ्लँजवर उभं धरा, मग गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजवर. पाच मिनिटांचं काम आहे.

हे सगळं वाचून तुमच्या लक्षात आलं असेल की मी तुम्हाला हा एक्सल दुरुस्त करा असं सांगणार नाही. तो काढा. वेल्डिंगवर लटकलेला एक्सल घेऊन समृद्धीवर 100 नं जाऊ नका. तोपर्यंत गाडी गावातच ठेवा, वर्धा रोडलासुद्धा नको.

फोर्डचा 9 इंची विसरा. चांगला एक्सल आहे यात शंका नाही. 1957 पासून निघाला, त्याचा मधला गोळा बोल्ट काढले की पुढून सगळाच बाहेर येतो, म्हणून शर्यतवाल्यांचा लाडका. नंतरच्या मस्टँगमध्ये 8.8 इंची आला, त्याला मागं दहा बोल्टांचं झाकण असतं. हे इंच म्हणजे क्राउनचा व्यास, नळीची जाडी किंवा एक्सलची रुंदी नव्हे. हे एक्सल तीनशे-चारशे अश्वशक्तीच्या व्ही-8 साठी आहेत. तुमच्या इसुझूच्या 1817 सीसी इंजिनात पंच्याऐंशीच्या वर थोडी अश्वशक्ती आहे. 1984 साली कॉन्टेसा आली तेव्हा तिच्यात बीएमसीचं 1489 सीसी, पन्नासच्या आसपास अश्वशक्तीचं इंजिन होतं, त्या मानानं ही दांडगी, हे खरं. पण इथं मजबुती कमी पडलेली नाही, चुकीचा भाग बसलाय. शिवाय तो एक्सल आणला तर रुंदी कापा, ब्रॅकेट परत वेल्ड करा, चाकांचे नट जुळवा, ब्रेक नवे, शाफ्ट नवा. म्हणजे जे आज चुकलंय तेच जास्त पैसे देऊन परत करणं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नं कंपनीच्या मूळ घडणीत असा बदल करता येत नाही, तेही आहेच.

लॉकवाल्या डिफरन्सचंही तेच. डिफरन्स म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारा एक्सलच्या मधला गिअरांचा संच, लॉक केला की दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. शेतात किंवा चिखलात चालणाऱ्या गाडीला तो कामाचा. तुमच्या गाडीचं एक चाक सुटं फिरतंय अशी तक्रारच तुम्ही केलेली नाही. आणि एक कळकळीची विनंती, कुणी म्हणालं की आतले चार छोटे गिअर वेल्ड करून देतो, 'फुल लॉक' होईल, तर त्याच्या दुकानातून उठून या. डांबरी रस्त्याच्या वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं. ते जमलं नाही की टायर घासतात, आणि एक दिवस हाफ शाफ्ट, म्हणजे डिफरन्सपासून चाकापर्यंतचा दांडा, पिळून तुटतो. अनेक गाड्यांत त्या हाफ शाफ्टच्या जिवावरच चाक अडकलेलं असतं.

तुम्हाला हवाय कॉन्टेसा 1.8 चाच एक्सल, तिच्याच ब्रॅकेटसकट. या गाड्या 2002 पर्यंत उत्तरपाड्याला बनत होत्या, मोडलेल्या अजून मिळतात. कामठी रोडच्या कबाड्यांत जा, पण सोबत खडू न्या. जमिनीवर पडलेल्या एक्सलचा रेशो मोजणं तर सोपं आहे. एक टोक कुणाला तरी धरायला सांगा, दुसरं 20 वेळा फिरवा, पिनियनचे फेरे मोजा. 39 च्या आसपास आले तर पुढं बोला, 45 आले तर तो 1.5 इंजिनासाठी असेल, राहू द्या. विकणारा 'सेम टू सेम' म्हणेल. म्हणू द्या, तुम्ही मोजा.

मग एक हाफ शाफ्ट ओढून बघा. स्प्लाइनच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या खाचांच्या, रेघा सरळ हव्यात. नवीन साबणाच्या वडीवर नखानं ओढल्यासारख्या, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरळ. रेघांना जराही पीळ दिसला, दोरीला पडतो तसा, तर तो शाफ्ट पूर्वी कधीतरी तुटायच्या बेतात येऊन परतलाय. बेअरिंग बसते तिथं बोट फिरवा, नखाला पायरी लागली तर तोही नको. डावा आणि उजवा शाफ्ट अनेक गाड्यांत सारख्या लांबीचे नसतात, जोडी तीच घ्या.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, नवरा-बायकोसारखे. दोघांवर जुळणारा नंबर कोरलेला असतो. जोडी फोडायची नाही. 1988 साली मी स्वतः ही चूक केली. एका गिऱ्हाईकाच्या गाडीचा पिनियन खाल्लेला होता, क्राउन चांगला दिसत होता. दुकानदार म्हणाला नुसता पिनियन मिळेल, मी म्हणालो द्या. नागपुरात आवाज आला नाही. चार दिवसांनी तो माणूस बायको आणि दोन लहान मुलांना घेऊन छिंदवाड्याला निघाला, आणि सिल्लेवानी घाटात क्राउनचे दात उडाले. रात्री साडेनऊला त्यानं एका ट्रकवाल्याच्या हातून चिठ्ठी पाठवली. मी टोचन करून गाडी आणली तोवर पहाट झाली होती. त्या मुलांचे झोपेनं सुजलेले चेहरे मला अजून दिसतात. तेव्हापासून मी माझ्या बाकड्यावर एकही फुटकी जोडी बसवलेली नाही.

जुना एक्सल घेतला तरी तो उघडून बघितल्याशिवाय बसवू नका. शेंदूर आणा, देवाला लावतो तोच, आणि मशीन तेलात घट्टसर कालवा. क्राउनच्या पाच-सहा दातांना पातळ लावा. पिनियनच्या शाफ्टवर चिंधी आवळून फिरण्याला जरा अडथळा द्या आणि क्राउन पुढं-मागं फिरवा. पिनियन जिथं घासेल तिथला शेंदूर पुसला जाऊन लोखंड चकाकेल. तो चकाकता ठसा लांबट, आणि दाताच्या मधोमध, किंचित आतल्या टोकाकडे हवा. ठसा दाताच्या मुळाशी उमटला तर पिनियन फार आत शिरलंय, शेंड्याला उमटला तर बाहेर राहिलंय. शिम, म्हणजे पिनियनची जागा ठरवणारी पातळ चकती, बदलून परत शेंदूर लावायचा, परत बघायचं. माझ्याकडे एकदा नऊ वेळा करावं लागलं. दातांमधला मोकळा खेळ अशा गाड्यांत साधारण 0.10 ते 0.20 मिलिमीटर असतो, डायल गेजनं मोजा, तुमच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तो शेवटचा. शेंदरात शिसं असतं, जेवायच्या आधी हात साबणानं चोळून धुवा.

तुमचा 'हूंऽऽ' हा याच ठशाचा आवाज आहे. ॲक्सिलरेटरला येतो आणि पाय उचलल्यावर जातो, म्हणजे दाताची ओढणारी बाजू नीट बसत नाही. आवाज कायम असता आणि वळणावर कमी-जास्त झाला असता तर मी चाकाची बेअरिंग म्हटली असती.

तुम्ही मागच्या चाकाचा एक फेरा जमिनीवर 1.90 मीटर मोजलात. त्यावर हिशेब केला. चौथ्या गिअरला, जिथं गिअरबॉक्स सरळ एकास एक असतो, खऱ्या 100 च्या वेगाला आज तुमचं इंजिन मिनिटाला जवळपास 3990 फेरे घेतं. 3.9 च्या एक्सलवर 3420 घेईल. पाचव्यात दोन्ही आकडे त्याच प्रमाणात खाली येतात. नागपूर ते शिर्डी समृद्धीनं 520 किलोमीटर धरा, चौथ्याच गिअरचा हिशेब केला तर एका फेरीत तुमचं इंजिन पावणेदोन लाखांहून जास्त वेळा उगीच फिरेल. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, तेव्हा हे फेरे रेडिएटरला कळतात. बदल्यात चाकापर्यंत पोचणारी ओढ चौदा टक्के कमी होईल. सिल्लेवानीसारख्या घाटात एक गिअर खाली घ्यावा लागेल, तो घ्या, इंजिनात ताकद आहे. आणि काटा आपोआप खरं बोलायला लागेल, त्याचं वेगळं काम नाही.

एक्सल बसवल्यावर चारही चाकं जमिनीवर असताना, गाडीत माणसं बसल्यावरच लिंकचे आणि पॅनहार्डचे बुशवाले बोल्ट शेवटचे आवळा. चाकं लटकत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं. मामांच्या गाडीला तुम्ही पैशाचा विचार करत नाही म्हणता, तर हा एक दिवस तिला जास्त द्या.

प्रश्न : माझ्याकडे 1974 ची महिंद्रा जीप आहे, कामठीत. फोर-बाय-फोर टाकलं की डांबरी रस्त्यावर जड होते आणि लिव्हर उडून बाहेर येतो. नवीन लिव्हर स्प्रिंग टाकली, फरक नाही.

उत्तर : स्प्रिंगला दोष देऊ नका. पुढचा आणि मागचा, दोन्ही एक्सल वर सांगितल्याप्रमाणे मोजा. जुन्या विलीज जीपच्या एक्सलमध्ये 8 आणि 39 दात, म्हणजे 4.88, तर नंतरच्या सीजे जातीत 8 आणि 43, म्हणजे 5.38 असतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून कबाडीतून आलेले एक्सल सर्रास मिसळतात. तुमचा पुढचा 4.88 आणि मागचा 5.38 निघाला, तर मागची चाकं 10 मीटर जातील तेवढ्यात पुढच्यांना 11 मीटर जायचं असतं. मधे भांडण होतं आणि ट्रान्स्फर केसचा, म्हणजे दोन्ही एक्सलांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा, गिअर बाहेर फेकला जातो. वाळूत चाकं घसरून हे भांडण मिटतं, डांबरावर मिटत नाही. दोन्ही एक्सल एकाच रेशोचे होईपर्यंत फोर-बाय-फोर लावू नका. तसंही ही सोय कोरड्या डांबरासाठी नाहीच, पण तुमच्यासारखा झटका साध्या वापरात येत नाही.

प्रश्न : डिफरन्समध्ये गिअरबॉक्सचंच तेल चालेल काय? मागच्या चाकांच्या ब्रेकवर तेल येतं, सील दोनदा बदललं. — सावनेरहून एक ताई, ॲम्बेसेडर.

उत्तर : ताई, गिअरबॉक्सचं तेल डिफरन्सला नको. हायपॉइड, म्हणजे पिनियन क्राउनच्या मध्यापासून बाजूला बसवलेल्या, क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घसरतातही. त्यांना ईपी 90, जीएल-5 जातीचंच तेल हवं. तेच तेल उलट जुन्या गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांना मारक, म्हणून दोघांचं तेल वेगवेगळंच ठेवा.

पण तुमच्या सीलला कुणी दोषी धरू नये. एक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला बोटाच्या पेरापेक्षाही लहान असा ब्रीदर असतो, त्यातून आतली तापलेली हवा बाहेर पडते. चाळीस वर्षांच्या धुळीनं आणि वर मारलेल्या काळ्या रंगानं तो बंद पडला असेल. आपल्या उन्हात चालून एक्सल तापला की हवेला वाट मिळत नाही, मग ती तेलाला सीलमधून ढकलते. तिसरं सील आणण्याआधी तो ब्रीदर काढा, रॉकेलमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी बारीक तारेनं साफ करून तोंडानं फुंकून बघा. वारा आरपार गेला की बसवा. मग गाडी सपाट जागेवर उभी करून लेव्हलच्या नटापर्यंतच तेल भरा, त्याच्या वर नाही. ब्रेकचे लायनर तेलात भिजले असतील तर धुऊन वापरू नका, दोन्ही बाजूंचे नवे टाका.